ढोल सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये वीस मिनिटांनी चित्र आवाजाच्या मागे पडतंय, कुठे चुकतंय?

गंगापूररोड_कोडर

नमस्कार मंडळी, प्रश्न मोठाय पण सगळं एकदाच नीट सांगतो.

मी नाशिकला एका ढोल-ताशा पथकात आहे. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव. यंदा नवीन पोरंपोरी बरीच आलीत आणि त्यांना हात बसवायला ताशावाल्या दादांना एकट्याला फार ओरडावं लागतं, म्हणून मी एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. ताशा आणि टोलचं रेकॉर्डिंग स्पीकरवर वाजतं आणि प्रोजेक्टरवर एक आडवी पट्टी सरकत येते, तिच्यावर मोठा गोल म्हणजे टिपरूचा ठोका आणि छोटा गोल म्हणजे हाताची थाप. मधे एक उभी रेघ, गोल रेघेवर आला की मारायचं, बस. खाली आवाजाबरोबर नाचणाऱ्या पट्ट्या पण टाकल्यात, त्या पोरांना आवडतात.

सी प्लस प्लसमध्ये लिहिलंय, एसडीएल आणि ओपनजीएल या आवाज-चित्राच्या लायब्ररी वापरून, जुना लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स. आवाज हेडफोन जॅकमधून मिक्सरला, चित्र एचडीएमआयने प्रोजेक्टरला. ऑडिओ ४८००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८००० मोजमापं (सॅम्पल), आणि बफर, म्हणजे साउंड कार्डला एका वेळी द्यायचा घास, १०२४ सॅम्पलचा. चित्राची वेळ मी अशी मोजतो की व्हीसिंक (पडद्याच्या वेगाशी फ्रेम बांधणं) चालू आहे म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, तर दर फ्रेमला वेळेत १/६० सेकंद मिळवत जायचं.

आता अडचणी. सुरुवातीला सगळं मस्त चालतं, पाच मिनिटांनी काहीतरी खटकायला लागतं आणि वीस मिनिटांनी चित्र जवळजवळ सव्वा सेकंद मागे पडलेलं असतं, म्हणजे टोल वाजून गेला तरी गोल रेघेच्या अलीकडेच. आणि गंमत म्हणजे घरच्या मॉनिटरवर असं होत नाही, सरावाच्या जागेवर प्रोजेक्टर लावला की होतं. दुसरं, पुढचा हात (वाजवायचा पुढचा ताल) सुरू होताना नवीन चित्रं लोड होतात तेव्हा आवाजात कर्र येतं. बफर २५६ केला तर कर्र वाढली, ४०९६ केला तर थांबली पण मग बटण दाबल्यावर आवाज उशिरा सुरू होतो. तिसरं, खालच्या पट्ट्या ठोक्याच्या मागून उठतात, कळतंच लगेच.

मधे मधे स्लीप टाकून बघितलं, आकडे थोडे कमीजास्त करून बघितले, एका दिवशी जमतं दुसऱ्या दिवशी परत तेच. गणपतीला आता फार दिवस नाहीत. कुणी मार्ग दाखवा.

सातपूर_एम्बेडेड

भाऊ, तुझ्या आकड्यातच तुझं उत्तर आहे. वीस मिनिटं म्हणजे १२०० सेकंद, त्यात फरक पडला सुमारे १.२ सेकंद, म्हणजे दर सेकंदाला एक मिलिसेकंद, हजारात एक. आता हजारात एक कुठे दिसतं? तुझा प्रोजेक्टर ६० वर नाही, ५९.९४ वर चालतोय. अमेरिकेत १९५३ ला रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा ६० ला १.००१ ने भागून हा आकडा आला, आणि तो अजून प्रोजेक्टर आणि टीव्हीच्या पोटात बसलाय. तू दर फ्रेमला १/६० मिळवतोस पण फ्रेम येतात सेकंदाला ५९.९४, म्हणून तुझं चित्राचं घड्याळ खऱ्या सेकंदात ०.९९९ सेकंदच चालतं. घरचा मॉनिटर खरा ६० चा असेल म्हणून तिथे तुला कळत नाही. तिथेही एखादी फ्रेम चुकली की तेवढी वेळ हरवतेच, फक्त हळू.

आता तू म्हणशील की ठीके, मग फ्रेम मोजत नाही, सिस्टिमचं घड्याळ वापरतो. ते आधीपेक्षा बरं, पण पुरेसं नाही. साउंड कार्डला स्वतःचा क्रिस्टल असतो आणि कॉम्प्युटरच्या घड्याळाला वेगळा. दोघं एकाच वेगाने चालतील असं कुणी वचन दिलेलं नाही. दोघांत दहा लाखात ५० एवढाच फरक धरला तरी तासाला ०.१८ सेकंद होतात. तुझी तालीम दोन तास चालते ना, झाला की एका ठोक्याचा घोटाळा.

म्हणून घड्याळ एकच ठेवायचं आणि ते आवाजाचं. साउंड कार्डने आत्तापर्यंत किती सॅम्पल खाल्ले ते मोज, ४८००० ने भाग, ती तुझी वेळ. चित्राने दर फ्रेमला फक्त विचारायचं "आत्ता आवाज कुठे आहे?" आणि तिथलं चित्र काढायचं. स्वतः काही मिळवायचं नाही. मग प्रोजेक्टर ५९.९४ असो, ५० असो, मधल्या दहा फ्रेम गळोत, पुढची फ्रेम आपोआप जाग्यावर येते.

आणि हो, सॅम्पलचा आकडा फ्लोटमध्ये (दशांश आकड्याच्या प्रकारात) ठेवू नकोस. ३२ बिटी फ्लोट १,६७,७७,२१६ च्या पुढे एक-एकने मोजू शकत नाही, ४८००० ला ते सहा मिनिटांच्या आतच गाठतोस. ३२ बिटी साधा इंटिजरही साडेबारा तासाच्या आत उलटतो. ६४ बिटी इंटिजर घे आणि विसरून जा.

कर्रचं वेगळं लिहितो, आधी एक सांग, कॉलबॅकमध्ये, म्हणजे साउंड कार्ड पुढचा घास मागतं तेव्हा चालणाऱ्या तुझ्या फंक्शनमध्ये, काय काय करतोस?

गंगापूररोड_कोडर

दादा हे ५९.९४ वाचून मी अक्षरशः उठून सेटिंग बघितलं, खरंच ५९.९४ लिहिलंय. दोन आठवडे मी कोडमध्ये शोधत होतो.

कॉलबॅकमध्ये: फाइल वाचतो, एमपीथ्री डिकोड करतो, व्हॉल्यूम लावतो, पट्ट्यांसाठी कॉपी घेतो, त्यासाठी म्युटेक्स लॉक करतो (म्हणजे आवाज आणि चित्र यातलं एकच त्या डेटाला हात लावेल, दुसरं थांबेल), आणि एक प्रिंट आहे डिबगसाठी.

सातपूर_एम्बेडेड

सगळी कर्र तिथेच आहे. १०२४ सॅम्पल म्हणजे तुझ्याकडे २१.३ मिलिसेकंद आहेत, तेवढ्यात पुढचा घास तयार नसेल तर साउंड कार्ड थांबून वाट बघत नाही, रिकामं वाजवतं, आणि तेच कर्र. तू आत फाइल वाचतोस म्हणजे डिस्कच्या मर्जीवर, लॉक घेतोस म्हणजे चित्राच्या थ्रेडच्या (समांतर चालणाऱ्या कामाच्या) मर्जीवर. चित्राचा थ्रेड नेमका लॉक धरून टेक्स्चर (नवीन चित्रं) चढवत बसला की आवाज दाराबाहेर उभा. म्हणून तुझी कर्र बरोबर हात बदलतानाच येते.

असं कर. डिकोडिंगचा एक वेगळा थ्रेड, तो अर्धा सेकंद पुढचा आवाज तयार करून एका रिंग बफरमध्ये (गोल फिरून परत परत वापरल्या जाणाऱ्या साठ्यात) ठेवत राहील. कॉलबॅकने फक्त त्यातून उचलायचं, सॅम्पलचा आकडा वाढवायचा आणि निघायचं. फाइल नाही, मेमरी मागणं नाही, लॉक नाही, प्रिंट नाही. लिहिणारा एक, वाचणारा एक असेल तर दोन अ‍ॅटॉमिक (म्हणजे अर्धवट वाचले-लिहिले जात नाहीत अशा) आकड्यांवर रिंग बफर होतो, लॉक लागतच नाही. मग साउंड कार्डचा बफर ५१२ पर्यंत खुशाल आण, १०.७ मिलिसेकंद, कारण आता कॉलबॅकला काही कामच उरलं नाही. रिंग बफर मोठा असला तरी बटण दाबल्यावर उशीर होत नाही, तो आधीच भरलेला असतो, उशीर होतो तो साउंड कार्डच्या बफरने.

रीळघर

मी प्रोग्रामर नाही म्हणजे होतो पूर्वी थोडा, पण हा विषय बघून राहवलं नाही. माझे वडील नाशिकच्या एका जुन्या एकपडदा थिएटरात ऑपरेटर होते, माझं लहानपण प्रोजेक्टरच्या खोलीत गेलं. वर दादांनी जे सांगितलं ना, की आवाज मालक आणि चित्र नोकर, ते ३५ मिलिमीटरच्या मशीनमध्ये लोखंडात घडवलेलं होतं.

फिल्म मशीनमधून जाते तेव्हा तिच्या दोन चाली असतात. लेन्ससमोर ती थांबत थांबत जाते, सेकंदाला २४ वेळा, थांब, सरक, थांब, सरक, नाहीतर पडद्यावर नुसता चिखल दिसेल. पण तीच फिल्म खाली साउंड हेडवर गेली की तिला अजिबात झटका चालत नाही, जड फ्लायव्हील लावलेल्या ड्रमवरून ती एकसारखी वाहिली पाहिजे, वेग जरा हलला तर गाणं रडायला लागतं. एकच फिल्म, वर झटक्याने, खाली सरळ. हे जमवायला मधे फिल्मची एक सैल कमान सोडायची, लूप म्हणायचे तिला. वरचे झटके लूप खाऊन टाकतो. ते रिंग बफर रिंग बफर वाचताना मला डोळ्यासमोर ती कमानच दिसली.

आणि लेन्स वर, साउंड हेड खाली, म्हणून प्रिंटवरच आवाज चित्राच्या साधारण वीस फ्रेम पुढे छापलेला असायचा. वीस फ्रेम म्हणजे पाऊण सेकंदाहून जास्त. फिल्म चढवताना लूप दोन-तीन फ्रेमने लहानमोठा झाला की ओठ एकीकडे आणि आवाज एकीकडे. वडील लूप बोटांनी मोजायचे, मग समोरच्या काचेतून पडद्याकडे बघायचे, कुणी दार आपटलं, कुणी टाळी दिली की तेवढ्यावर त्यांना कळायचं.

त्याच्याही आधी, आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमे काढत होते तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत. हात जरा हळू झाला जरा जोरात झाला, चालून जायचं, कारण चित्र मुकं होतं. आवाज आला आणि वेग २४ वर पक्का करावा लागला. डोळा सांभाळून घेतो, कान सांभाळून घेत नाही.

गंगापूररोड_कोडर

काका फार सुंदर सांगितलंत, आमच्या पथकाच्या ग्रुपवर टाकलंय तुमचं.

सातपूर दादा, कर्र गेली!! पूर्ण गेली. ५१२ वर अर्धा तास चालवलं, एकदाही नाही. आणि चित्र मागे पडणंही थांबलं. पण आता नवीन भानगड. पट्टी धक्के खात सरकते. आधी लोण्यासारखी जायची, आता प्रोजेक्टरवर गोल थरथरतात, १०२४ ला तर फारच. फ्रेमरेट बघितला तर पूर्ण आहे, एकही फ्रेम गळत नाहीये. मग थरथर कशाची?

सातपूर_एम्बेडेड

हे होणारच होतं, मीच आधी सांगायला हवं होतं. तुझा सॅम्पलचा आकडा कॉलबॅक आला की एकदम वाढतो, मधे थांबलेला असतो. १०२४ ला तो २१.३ मिलिसेकंदाच्या पायऱ्यांनी चढतो आणि तुझी फ्रेम येते १६.७ ला. म्हणजे साधारण पाचातली एक फ्रेम अशी येते की घड्याळ हललेलंच नाही, आणि बाकीच्या फ्रेममध्ये गोल १६.७ ऐवजी २१.३ ची उडी मारतो. फ्रेमरेट पूर्ण आणि चाल लंगडी. ५१२ ला पायरी लहान, पण आहेच.

पायऱ्यांच्या मधली वेळ सिस्टिमच्या घड्याळाने भरून काढायची. दर कॉलबॅकला दोन गोष्टी नोंदव, किती सॅम्पल झाले आणि त्या क्षणी सिस्टिमचं घड्याळ काय होतं. मग चित्र काढताना

आवाजाची_वेळ = सॅम्पल ÷ ४८००० + (आत्ताचं_घड्याळ − कॉलबॅकचं_घड्याळ) − लेटन्सी

घड्याळ ते घे जे फक्त पुढेच जातं. तारीख-वेळेचं घड्याळ घेऊ नकोस, इंटरनेटवरून वेळ दुरुस्त झाली की ते उडी मारतं.

एवढ्याने बरंच सुधारेल, पण कॉलबॅक स्वतःच एक-दोन मिलिसेकंद इकडे तिकडे येतात, कधी दोन लागोपाठ येतात, त्यामुळे थोडी थरथर राहील. म्हणून चित्राला स्वतःची एक वेळ ठेव. दर फ्रेमला ती मागच्या फ्रेमपासून जितका वेळ गेला तितकी पुढे ने, मग वरच्या सूत्राशी ताडून बघ आणि जो फरक दिसेल त्याचा विसावा भागच दुरुस्त कर. ६० च्या फ्रेमरेटला एक तृतीयांश सेकंदात जवळजवळ दोन तृतीयांश फरक गळून जातो आणि डोळ्याला काही कळत नाही. फरक १०० मिलिसेकंदाच्या वर गेला तर मात्र हळूहळूच्या नादी लागू नको, सरळ उडी मार. आणि वेळ कधीच मागे जाऊ देऊ नको, गोल उलटा सरकलेला लगेच दिसतो.

लेटन्सी म्हणून मी शेवटी जे लिहिलंय ते विसरू नको. कॉलबॅकमध्ये तू मोजतोस तो आवाज लिहिलेला, ऐकू आलेला नाही. तो अजून एकदोन बफर आणि ड्रायव्हर ओलांडून स्पीकरला जायचाय.

जुने_गेम

मी थोडं वेगळं मत मांडतो. आवाजच मालक हा नियम सगळीकडे लागू नाही. आम्ही जुन्या गेम कन्सोलचे एम्युलेटर (जुनं मशीन कॉम्प्युटरवर हुबेहूब चालवणारी सॉफ्टवेअर) चालवतो, तिथे चित्र व्हीसिंकला बांधतात आणि आवाजाला किंचित ताणतात. कारण तिथे सगळा पडदा एकसारखा सरकत असतो, एक फ्रेम गळली किंवा दोनदा दिसली तर लगेच झटका बसतो. रेट्रोआर्च नावाच्या एम्युलेटरच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, आवाजाचा वेग अर्ध्या टक्क्यापर्यंत मागेपुढे करते, बफर रिकामा व्हायला लागला की थोडा हळू, भरायला लागला की थोडा जलद. ५९.९४ आणि ६० चा फरक तर फक्त ०.१ टक्के, सुराच्या भाषेत पावणेदोन सेंट. सेंट म्हणजे दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. कुणालाही ऐकू येणार नाही. तुझीही पट्टी सरकतीच आहे, विचार करून बघ.

सातपूर_एम्बेडेड

@जुने_गेम बरोबर आहे तुमचं, तिथे तेच योग्य. पण तिथे गेमची फ्रेम हेच मूळ आहे, आवाज तिच्यातून जन्मतो. इथे मूळ रेकॉर्डिंग आहे. शिवाय जुना लॅपटॉप, टेक्स्चर लोड होताना पाच-सहा फ्रेम गळणारच, तेव्हा आवाजाने चित्रासाठी थांबायचं का? पन्नास पोरं त्या ताशावर वाजवत असताना ताशा थबकला तर सगळी फळी कोसळेल. पट्टीला एक झटका बसला तर कुणाचं टिपरू चुकत नाही. एफएफप्लेसारखे प्लेअरही मुळात आवाजालाच धरून चालतात, चित्र मागे पडलं तर फ्रेम टाकतात, पुढे गेलं तर तीच फ्रेम धरून ठेवतात.

जुने_गेम

पन्नास जण वाजवतायत हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. मान्य.

रंगमंच_प्रोजेक्शन

मी नाटकांना आणि नृत्याच्या कार्यक्रमांना प्रोजेक्शन करते, नाशिकच्या कालिदास कलामंदिरला आणि इकडे तिकडे. तुमचं घड्याळ आता बरोबर झालंय पण ते कॉम्प्युटरच्या आतलं. कॉम्प्युटरच्या बाहेर जे होतं त्याबद्दल सांगते, कारण तिथे कोड कितीही शुद्ध असला तरी घात होतो.

तुम्ही काढलेली फ्रेम लगेच दिसत नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर एकदोन फ्रेम रांगेत ठेवतो, मग प्रोजेक्टर स्वतःची प्रक्रिया करतो. काही प्रोजेक्टरवर कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारी सोय) लावलं की उशीर वाढतो, म्हणून मी आधी प्रोजेक्टरच सरळ ठेवते, स्टूल, विटा, काय मिळेल त्यावर, आणि कीस्टोन बंद. मेनूमध्ये गेम मोड असेल तर तो चालू. आवाजाच्या बाजूला ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो आधी काढा. साध्या ब्लूटूथला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात आणि ते दर वेळी सारखेही नसतात.

मग मोजा, अंदाज नको. सॉफ्टवेअरमध्ये एक चाचणीचं पान करा, दर सेकंदाला पडदा पूर्ण पांढरा आणि त्याच क्षणी एक टिक. फोनने स्लो मोशनमध्ये शूट करा, २४० फ्रेमवाला असेल तर एक फ्रेम म्हणजे चार मिलिसेकंदाच्या थोडं वर. फोन स्पीकरजवळ धरा. नंतर कुठल्याही व्हिडिओ एडिटरमध्ये पांढरा पडदा आणि टिकची लाट यात किती अंतर आहे ते मोजा. दहा वेळा मोजून मधला आकडा घ्या. तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये बदलता येईल असा ठेवा, कोडमध्ये कोरून नको, कारण जागा बदलली की तो बदलतो. मी वर-खाली बाण दिले की पाच-पाच मिलिसेकंद सरकेल असं ठेवते.

किती चुकलं तर चालतं? प्रसारणवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, आयटीयूची, १९९८ ची शिफारस आहे, तिच्यात माणसाला फरक जाणवायला लागतो तो आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर, किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला तर. दोन्ही बाजू सारख्या नाहीत हे महत्त्वाचं. आवाज उशिरा आलेला आपण सोसतो कारण जगात तसंच होतं, लांब कुणी धुणं आपटताना दिसतं आणि आवाज नंतर येतो. आवाज आधी येणं निसर्गात कधीच होत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा चूक आवाज उशिरा येण्याच्या बाजूला ठेवा. हे आकडे बोलणाऱ्या माणसाच्या चित्राचे आहेत, तालाला कान जास्त कडक असतो, तुम्ही वीसच्या आत राहायचा प्रयत्न करा.

ताशा_पंचवटी

मला कोडिंगमधलं काही कळत नाही पण ताशा वाजवते सात वर्षं, म्हणून एक सांगते. मैदानात ढोल पाच-सहा रांगा असतात. मागच्या रांगेला ताशा उशिरा ऐकू येतो, हे आम्हाला शिकवलेलं नाही, वाजवून वाजवून कळलेलं आहे. मागचा ढोल कानाने वाजवतो आणि नेहमी जरा मागे राहतो. म्हणून पुढचा माणूस हात वर करतो, उडवतो, मागचे त्याच्या हाताकडे बघतात. तुमचा पडदा कुठे लावणार आणि स्पीकर कुठे?

रंगमंच_प्रोजेक्शन

@ताशा_पंचवटी ताई, अगदी खरं आहे हे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला तीन मिलिसेकंद. वीस मीटर मागे उभा असलेल्याला ५८ मिलिसेकंद उशीर. प्रकाशाला काही लागत नाही. त्यामुळे स्पीकरजवळ मोजून शून्य केलेला फरक मागच्या रांगेला शून्य नसतो. पहिल्या आणि शेवटच्या रांगेच्या मधे उभं राहून जुळवा, दहा मीटरला २९ मिलिसेकंद, मग पुढच्यांना चित्र किंचित उशिरा, मागच्यांना किंचित आधी. दोन्हीकडे चालून जाईल.

आणखी एक, तुमची सरकती पट्टी ही कल्पना चांगली आहे, ती सोडू नका. रेघ नुसती चमकली तर डोळ्याने बघून हात मारणं कानाने टिक ऐकून मारण्याइतकं नेमकं जमत नाही. पण सरकत येणारा गोल पुढचं आधी सांगतो, त्यामुळे पोरं तयार राहतात आणि प्रत्यक्ष मारतात ताशा ऐकूनच.

गंगापूररोड_कोडर

हे सगळं उद्याच्या सरावाला करून बघतो. ताई, पडदा पुढे भिंतीवर आणि स्पीकर त्याच्याच दोन बाजूला, मागची रांग पंधरा-सोळा मीटरवर असेल.

पट्ट्यांचं कुणी सांगेल का? २०४८ सॅम्पलचा एफएफटी (आवाजातले खालचे-वरचे सूर वेगळे करणारं गणित) आहे, हान विंडो (तुकड्याच्या टोकांचं वजन कमी करणारी), कॉलबॅकमधून आलेले शेवटचे २०४८ घेतो. आणि थरथर नको म्हणून दर फ्रेमला जुनं ०.९ आणि नवीन ०.१ असं मिसळतो.

आलेख_आणि_लाटा

मी बघतो हे. तिन्ही गोष्टी तुझ्या विरुद्ध जातायत पण खरा गुन्हेगार ०.९ आहे. तसं मिसळलं की ठोक्याची उंची दोन तृतीयांशाच्या आसपास पोहोचायला नऊ-दहा फ्रेम लागतात, जवळजवळ १६० मिलिसेकंद, तोपर्यंत पुढचा ठोका आलेला. चढताना मिसळूच नको, नवीन उंची जास्त असेल तर लगेच घे, उतरताना मात्र ०.९ राहू दे. पट्टी फटकन उठेल आणि हळू बसेल, ढोलाला तेच शोभतं.

विंडोचं असं आहे, २०४८ म्हणजे ४२.७ मिलिसेकंदाचा तुकडा, आणि हान विंडो दोन्ही टोकांना शून्यावर येते, म्हणजे नुकताच आलेला ठोका टोकाला असतो तोवर जवळजवळ दिसतच नाही, मधे आला की दिसतो. वीस-एकवीस मिलिसेकंद तिथे गेले. माइकवरून जिवंत आवाज घेत असतास तर यावर इलाज मर्यादित होता, लहान विंडो घ्यायची आणि खालच्या सुरांचा बारकावा सोडायचा. पण तुझ्याकडे रेकॉर्डिंग आहे, पुढचं सगळं हातात आहे! मग शेवटचे २०४८ कशाला घेतोस, आत्ता जो क्षण ऐकू येतोय तो मधे ठेवून त्याच्या मागचे १०२४ आणि पुढचे १०२४ घे. डिकोड झालेला अर्धा सेकंद रिंग बफरमध्ये पडलेलाच आहे. फक्त वाचून झालेला भाग लगेच पुसला जाणार नाही एवढी जागा बफरमध्ये ठेव.

ढोलाचा धुम्म खालच्या सुरांत असतो, २०४८ ला एक कप्पा २३.४ हर्ट्झचा पडतो, त्यामुळे पहिले सात-आठ कप्पे ढोलाचे आणि वरचे ताशाचे असं वेगळ्या रंगात दाखवलंस तर पोरांना उपयोग पण होईल, नुसती शोभा नाही.

गंगापूररोड_कोडर

आज सरावाला सगळं लावलं, लांबलचक लिहितोय पण तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंय की कळवलंच पाहिजे.

घड्याळ आवाजाचं, मधली वेळ भरून काढणारं सूत्र, विसाव्या भागाची दुरुस्ती. पट्टी परत लोण्यासारखी. प्रोजेक्टर टेबलावर विटा ठेवून सरळ केला, कीस्टोन बंद. फोनने दहा वेळा मोजलं, चित्र आवाजाच्या ७० मिलिसेकंद मागे निघालं, म्हणजे तुमच्या भाषेत वाईट बाजूला. तेवढं चित्र पुढे ओढलं, परत मोजलं, चार-पाचच्या आत आलं. मग मधल्या रांगेत आठ मीटरवर उभा राहून बाणाने जुळवलं, २५ मिलिसेकंदावर थांबलो. कार्यक्रम मधे न थांबवता दीड तास चालला. शेवटी परत फोनने मोजलं, फरक तोच, हलला नाही. दोनदा टेक्स्चर लोड होताना पट्टी अडकली आणि लगेच जाग्यावर आली, ताशा चालूच होता, पोरांना कळलंही नाही.

ढोल आणि ताशाच्या पट्ट्या वेगळ्या रंगात केल्यात. आमच्या ताशावाल्या दादांनी पहिली दहा मिनिटं पडद्याकडे पाठ करून पोरांचे हात बघितले, मग वळून पडदा बघितला आणि म्हणाले, मागच्या रांगेचं तिसऱ्या हातात अजून पुढे पळतंय, ते तुझ्या मशीनचं नाही, पोरांचं आहे. उद्यापासून मागच्या दोन रांगा वेगळ्या घेणार आहेत.

एक राहिलं. तीन आठवड्यांनी गोदाकाठी मोकळ्या जागेत एक सराव आहे, तिथे स्पीकर दोन टोकांना लागणार, एक पुढे आणि एक पंचवीस मीटर मागे. मागच्या स्पीकरला उशीर द्यायचा का?

रंगमंच_प्रोजेक्शन

द्यायचा. पंचवीस मीटरला ७३ मिलिसेकंद, म्हणजे पुढचा आवाज मागे पोहोचतो तेव्हाच मागचा स्पीकर वाजला पाहिजे, नाहीतर मागच्यांना प्रत्येक टोल दोनदा ऐकू येईल. मिक्सरमध्ये डिले असेल तर तिथे, नसेल तर तुमच्या सॉफ्टवेअरमधून डावा चॅनल पुढे आणि उजवा मागे पाठवा, उजव्याला ३५०० सॅम्पलचा उशीर. जायच्या आधी टेपने अंतर मोजून घ्या, आणि ऊन असेल तर आवाज थोडा जलद जातो, संध्याकाळी परत एकदा टिक लावून ऐका.